पाण्यात उभी तहान

फुलदाणी गळ्यापर्यंत भरलेली होती आणि तरी गुलाबांनी माना टाकल्या होत्या. सकाळी नऊ वाजता गच्चीवरच्या कुंड्यांमधून कापून आणलेले सात गुलाब. दुपारी एक वाजता त्यांतल्या पाचांची डोकी काठावरून खाली लोंबत होती आणि पाकळ्यांच्या कडा कागदासारख्या झाल्या होत्या. मी पाणी पाहिलं. स्वच्छ होतं, गार होतं, भरपूर होतं. पाण्यात उभं राहूनही फूल तहानेनं मरतं, हे मला त्या दुपारपर्यंत खरंच माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पाय घसरून पडल्या, कमरेच्या हाडाला तडा गेला आणि डॉक्टरांनी दोन महिने उठायचं नाही म्हणून सांगितलं. चाळीस वर्षं ज्यांनी स्वतःच्या हातानं झाडं वाढवली, त्यांना आता गच्चीचा जिना चढता येणार नव्हता. झाडं खाली आणणं शक्य नव्हतं, फुलं आणता येत होती. म्हणून मी रोज थोडी फुलं त्यांच्या उशाशी ठेवायला लागले. पण एकही फूल दुपार ओलांडत नव्हतं. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या माणसाला रोज दुपारी मरगळलेली फुलं दिसावीत, हे मला फार लागायचं.

“आई, पाणी तर सकाळीच बदललं होतं मी,” मी म्हणाले.

त्या थोडा वेळ गुलाबांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पाण्याचं काय घेऊन बसलीस. हवा बघ कशी आहे. चार दिवसांत माझे ओठ फुटलेत, या पाकळ्या तर किती पातळ. जा, टबात पाणी घे आणि आडवे घाल त्यांना. डोक्यासकट.”

मी तसं केलं. त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक देठाचा खालचा दोन बोटं तुकडा पाण्याच्या आतच छाटला आणि गुलाब टबात पूर्ण बुडवून ठेवले. तासाभरानं पाहिलं तर दोघांच्या माना सरळ झाल्या होत्या, संध्याकाळपर्यंत आणखी दोन सावरले. पाचवा गेलाच. पण चार फुलं परत आली होती आणि ती पाणी वाढवून नाही, तर हवेपासून लपवून आली होती. त्या संध्याकाळी मी बराच वेळ टबापाशी बसून होते.

तोवर मी सगळा विचार फुलदाणीच्या आतच करत होते. पाणी किती, पाणी कसलं, पाण्यात काय घालायचं. घात बाहेर होत होता. हवा जितकी गरम, तितकी तिच्यात बाष्प सामावून घ्यायची जागा जास्त. त्यातून ती कोरडी असेल तर ती जागा रिकामीच असते आणि जिथून मिळेल तिथून ओलावा खेचून ती भरू पाहते. २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या सुखद खोलीतली हवा, आणि ४० अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असलेल्या खोलीतली हवा यांची तुलना केली, तर दुसऱ्या हवेची ही ओढ पहिलीच्या जवळजवळ पाचपट भरते. फूल तेच, देठ तोच, पाणी तेच. मागणी मात्र पाचपट. देठ तेवढा पुरवठा कुठून करणार?

झाडातून किती पाणी हवेत जातं हे मोजून बघण्याची कल्पना जुनी आहे. १७२४ च्या उन्हाळ्यात स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूंनी कुंडीतलं साडेतीन फूट उंचीचं सूर्यफूल पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तराजूवर तोललं. मातीतून वाफ जाऊ नये म्हणून कुंडीचं तोंड त्यांनी शिशाच्या पत्र्यानं बंद केलं होतं, म्हणजे घट झाली ती झाडातूनच. अतिशय उष्ण आणि कोरड्या दिवशी बारा तासांत ते झाड १ पौंड १४ औंस, म्हणजे साधारण ८५० ग्रॅम पाणी गमावून बसलं. उबदार कोरड्या रात्री फक्त ३ औंस. आणि थोडंसं जरी दव पडलं, की काहीच नाही. भरपूर दव पडलं तर उलट सकाळी वजन वाढलेलं. ही नोंद वाचली तेव्हा मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली. झाडाच्या तहानेची इतकी धीरानं विचारपूस करायला मनात माया असावी लागते.

मग मीही स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून त्यावर फुलदाणी ठेवली. तोंडाशी देठांभोवती प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधला, म्हणजे पाण्याची वाफ थेट उडू नये. सासूबाई आकडे सांगायला लावायच्या आणि मी वहीत लिहायची. बारा ते चार या वेळात जेवढी घट व्हायची तेवढी रात्रभरात होत नव्हती. आणि एक गोष्ट मला अगदी अनपेक्षित होती: गुलाबांची निम्म्याहून जास्त पानं काढली त्या दिवशी काटा कितीतरी सावकाश उतरला. हवेत जाणारं पाणी मुख्यतः पानांमधून जातं. पानांवर सूक्ष्म रंध्रं दाट असतात, पाकळ्यांवर ती फार थोडी किंवा अजिबात नसतात. मी आजवर हिरवी पानं शोभेसाठी जपत आले होते आणि तीच फुलाच्या वाट्याचं पाणी आधी घेत होती. तेव्हापासून एका देठावर फुलाजवळची दोन-तीन पानं ठेवते, बाकी हातानं खुडून टाकते. पाण्याच्या पातळीखाली तर एकही पान नको, ते कुजतं आणि पाणी नासतं.

आता देठाकडे यायला हवं, कारण सासूबाईंनी पाण्याखाली छाटायला का सांगितलं हे मला नंतर कळलं. त्यांना त्यामागचं शास्त्र माहीत नव्हतं. त्यांच्या हाताला माहीत होतं.

देठातल्या बारीक नळ्यांमधून पाणी खालून ढकललं जात नाही, ते वरून ओढलं जातं. पानांतून आणि पाकळ्यांतून वाफ होऊन पाणी बाहेर पडतं आणि पाण्याचे कण एकमेकांना धरून असल्यामुळे मागची सगळी साखळी वर सरकते. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली या डब्लिनमधल्या दोघांनी हा विचार १८९४ मध्ये मांडला. म्हणजे उभ्या फुलाच्या देठातलं पाणी सतत ताणलेलं असतं, विहिरीतून बादली वर येताना दोर असतो तसं. आपण कात्री चालवली की तो दोर तुटतो. ताणलेलं पाणी झटकन वर सरकतं आणि रिकाम्या झालेल्या नळ्यांच्या तोंडात हवा शिरते. मग तो देठ तुम्ही कितीही पाण्यात बुडवा, नळीच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा अडून बसलेला असतो. गुलाबाची मान लुळी पडते त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. जिथे हवा शांत आणि दमट आहे तिथे थोडा अडथळा चालून जातो, कारण वरून मागणीच कमी असते. कोरड्या उन्हाळ्यात एवढी ढिलाई परवडत नाही.

म्हणून दोनदा छाटायचं. झाडावरून कापताना एकदा, आणि घरात आल्यावर पाण्यानं भरलेल्या पातेल्यात देठ बुडवून पाण्याखाली पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर. हवा शिरलेला भाग बहुतेक तिथेच गळून पडतो आणि नव्या छेदाला हवेऐवजी पाणी भेटतं. छेद तिरका घ्यावा म्हणतात. तो मुख्यतः एवढ्यासाठीच, की देठ तळाला टेकला तरी तोंड बंद होऊ नये. कात्रीपेक्षा धारदार सुरी बरी, कारण बोथट कात्री नळ्या चेपून टाकते. लाकडासारख्या देठांची टोकं हातोडीनं ठेचायची पद्धत मी पूर्वी इमानानं पाळायची. आता मुळीच पाळत नाही. ठेचलेल्या देठात नळ्या चिरडतात आणि फाटलेल्या पेशींवर जंतू जोमानं वाढतात.

फुलं कापण्याची माझी वेळही चुकत होती. सगळं आवरून, नऊच्या सुमारास मी गच्चीवर जायची. तोवर ऊन तापलेलं असायचं आणि झाडं पाणी गमावायला लागलेली असायची. रात्रभर मुळांनी भरून घेतलेलं पाणी पहाटे पेशींमध्ये ठासून असतं. पाकळी बोटाला कुरकुरीत लागते, देठ वाकवला तर ताठ राहू पाहतो. संध्याकाळी कापलेल्या फुलात दिवसभरात तयार झालेली साखर जास्त असते हे खरं आहे आणि थंड प्रदेशात तो मुद्दा वजनदार ठरत असेल. पण जिथे रात्री आठलाही भिंती तापलेल्या असतात, तिथे मी पाण्याच्याच बाजूनं उभी राहीन. सूर्य वर यायच्या आत, हातात पाण्याची बादली घेऊनच जायचं. कापलं की देठ बादलीत. गच्चीवरून खाली येईपर्यंतची तीन-चार मिनिटंसुद्धा फूल उघड्यावर राहता कामा नये.

कुठल्या अवस्थेत कापायचं हे प्रत्येक फुलाचं वेगळं असतं आणि ते सासूबाईंनी मला पलंगावर पडल्या पडल्या शिकवलं. गुलाबाची अगदी घट्ट कळी कापू नये. तिच्या मानेचा भाग अजून कोवळा असतो, उन्हाळ्यात तो हमखास वाकतो. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्या की योग्य वेळ. झिनियाचं उलट. झिनिया कापल्यावर पुढे फारशी उमलत नाही, म्हणून पूर्ण उमललेलीच घ्यायची, आणि तयार झाली की नाही हे बघायला फुलाच्या खाली वीतभर अंतरावर देठ धरून हलकेच हलवायचा. फूल डुलत राहिलं तर थांबायचं, देठ काठीसारखा ताठ राहिला तर कापायचं. निशिगंधाची आणि ग्लॅडिओलसची खालची एक-दोन फुलं उघडली की दांडी घ्यायची, वरच्या कळ्या घरात उमलतात. “दांडी आडवी ठेवू नकोस हं,” त्या बजावायच्या. ग्लॅडिओलसची आडवी ठेवलेली दांडी आपलं टोक वर उचलते आणि मग ती वाकडी ती वाकडीच.

पाण्यात काय घालावं याबद्दल लोक फार बोलतात. मला ते दुय्यम वाटतं, पण सांगून टाकते. फुलाला खायला थोडी साखर लागते, पण नुसती साखर घातली तर ती आधी जंतू खातात आणि उन्हाळ्यात दिवसभरात पाणी दुधाळ होतं. जंतूंचा तो गाळ देठाच्या तोंडाशी बसून नळ्या बुजवतो. म्हणून साखरेसोबत जंतूंना आवर घालणारं काहीतरी हवंच. लीटरभर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव छोटा चमचा साधं, बिनवासाचं ब्लीच, एवढं पुरतं. लिंबाचा आणि ब्लीचचा संबंध फक्त या भरपूर पाण्यात यावा. दोन्ही घट्ट स्वरूपात एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, तेव्हा आधी पाणी, मग एकेक घटक. लिंबाचा दुसरा उपयोग असा, की कोरड्या मुलखातलं जमिनीखालचं पाणी बऱ्याचदा जड आणि क्षारयुक्त असतं, आणि किंचित आंबट पाणी देठातून सहज चढतं. मिठावर चालणाऱ्या यंत्रातून मऊ करून आलेलं पाणी मात्र फुलांना देऊ नये. त्यातला सोडियम गुलाबांना मानवत नाही. फुलदाणी रोज साबणानं घासायची, पाणी रोज बदलायचं, देठ रोज नखाएवढा छाटायचा. तांब्याचं नाणं टाकण्यावर माझा विश्वास नाही.

जरबेराला आणि झिनियाला पाणी कमीच द्यायचं, दोन-तीन इंच. त्यांचे देठ मऊ असतात, खोल पाण्यात ते कुजतात. पाणी थोडं असल्यामुळे ते दिवसातून दोनदा बघावं लागतं, एवढाच त्रास.

आता मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट. फूल ठेवायचं कुठे?

सासूबाईंच्या खोलीत आम्ही त्यांच्यासाठी एसी चालू ठेवत होतो. मला वाटायचं, गारवा आहे, फुलांनाही बरं. गारव्यानं फुलाचा श्वासोच्छ्वास मंदावतो आणि आयुष्य वाढतं, हे खरंच आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. पण एसी हवा गार करताना तिच्यातलं बाष्पही काढून घेतो, आणि मी फुलदाणी नेमकी त्याच्या झोताखाली ठेवली होती. पाकळीभोवती दमट हवेचा एक पातळ थर असतो, फुलाचं अंगावरचं पांघरूणच ते. वाऱ्याचा झोत ते पांघरूण सतत ओढून नेतो. पंख्याखाली, खिडकीत, दारासमोर हेच होतं. पाण्यावर चालणारा कूलर हवा दमट करतो, म्हणून त्या खोलीतली फुलं जास्त टिकतात, पण झोतापासून दूर, कोपऱ्यात. गरम हवा वर चढते, म्हणून घरातली सर्वांत गार जागा बहुधा फरशी. आमच्याकडे न्हाणीघराची फरशी. तिथे ओल असते, ऊन नसतं, वारा नसतो.

पण न्हाणीघरातल्या फरशीवरची फुलं सासूबाईंना दिसणार कशी?

इथे मी बरेच दिवस अडले. फुलाला जे हवं ते त्यांना नको होतं आणि त्यांना जे हवं ते फुलाला मारत होतं. शेवटी मार्ग निघाला तो त्याच कोरड्या हवेतून. कोरडी हवा पाणी खेचते हे खरं, पण पाण्याची वाफ होताना ते आपल्याबरोबर उष्णताही घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितका हा गारवा मोठा. ४० अंश तापमानाच्या आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला वारा घातला तर त्याचा पारा साधारण २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. दमट प्रदेशात ही सोय नाही. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी याच तत्त्वावर मातीच्या दोन भांड्यांमध्ये ओली वाळू भरून, विजेशिवाय भाजीपाला टिकवायची सोय घरोघर पोहोचवली आणि त्यासाठी त्यांना २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला.

मी एक रुंद तोंडाचं, बिनचकाकीचं मातीचं भांडं आणलं. चकाकी लावलेलं चालत नाही, ते पाझरत नाही. त्यात वाळू भरली, वाळूत मधोमध काचेची फुलदाणी रोवली आणि वाळू पाण्यानं भिजवली. फुलं थेट मातीच्या भांड्यात ठेवून मी आधी पाहिलं होतं, पण सच्छिद्र मातीच्या पोटात जंतू घर करतात आणि घासून ते निघत नाहीत. काच आत, माती बाहेर, हे जुळलं. भांड्याला सावली आणि थोडा वारा लागतो, फुलांना वारा नको. म्हणून फुलांच्या वर चार काटक्या रोवून त्यावर ओलं मलमल टाकलं, पाकळ्यांना टेकणार नाही असं. टेकलं तर डाग पडतात. भांडं वाऱ्यात आणि फुलं त्या ओल्या तंबूत. हात आत घातला की वेगळा ऋतू लागायचा.

बारा ते पाच हा तंबू लावायचा, कारण त्या वेळात सासूबाई झोपत. उठल्या की मलमल काढायचं. असं करून गुलाब चार-पाच दिवस टिकू लागले, झिनिया त्याहून जास्त. एका सकाळी त्यांनी मला थांबवून एक गुलाब दाखवला, शनिवारी आणलेला आणि मंगळवारी पूर्ण उमललेला. तो त्यांच्या डोळ्यांदेखत उमलला होता. उन्हाळ्यातलं फूल उशाशी उमलताना पाहायला मिळेल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

एक सावधगिरी राहिली. कोमेजलेलं फूल त्याच दिवशी काढावं आणि पिकत असलेल्या फळांजवळ फुलदाणी ठेवू नये. दोन्हींतून इथिलीन हा वायू सुटतो आणि तो इतर फुलांनाही लवकर म्हातारं करतो. दिमित्री नेल्युबोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०१ मध्ये त्या काळी दिवे पेटवायला वापरल्या जाणाऱ्या वायूतलं हे इथिलीन ओळखलं, प्रयोगशाळेत वाटाण्याचे अंकुर वेडेवाकडे का वाढतात याचा शोध घेताना. कार्नेशन त्याला फार लवकर बळी पडतं. फ्रिजमध्ये फुलं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, तिथे फळं असतात. आणि अँथुरियम किंवा ऑर्किडसारखी उष्ण प्रदेशातली फुलं तर फ्रिजमध्ये घालूच नयेत, गारठ्यानं ती काळवंडतात.

काही फुलं या हवेत टिकत नाहीत आणि त्यांच्यासाठी मी आता जीव टाकत नाही. हायड्रेंजियाला मी खूप जपलं. ते पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या दलांमधूनही पाणी पितं, म्हणून डोक्यानं पाण्यात उलटं बुडवून ठेवलं की सावरतं. पण दिवसाआड त्याला बुडवत बसायचं म्हणजे त्या फुलाचेच हाल. त्यापेक्षा सूर्यफूल, झिनिया, गोंफ्रिना, कोंबडा ही मंडळी उन्हात वाढलेली आणि उन्हाची सवय असलेली. गोंफ्रिना तर पाणी संपलं तरी रंग न सोडता वाळते.

दोन महिने संपले. सासूबाई आता वॉकर धरून खोलीत चालतात, गच्ची अजून लांब आहे. वजनाची वही त्यांच्या उशाखाली असते आणि दुपारी पाचला जाग आली की त्या चष्म्यासाठी हात पुढे करत नाहीत. “ते मलमल काढ आधी,” म्हणतात.